फुकटची गोलाई

कंपास न घेता कागदावर वर्तुळ काढायला बसले की हात कुठे ना कुठे फसतोच. जिथून सुरुवात केली तिथे रेघ परत येत नाही, आणि आली तरी एखादी बाजू चपटी झालेली असते. चित्रकाराला हे जमत नाही, सुतारालाही जमत नाही. तरीही आपल्या घरात लाकडाचे कितीतरी बिनचूक गोल असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. लाटणे, रवी, भोवरा, कुंकवाचा करंडा, पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब, बुद्धिबळातला उंट. या वस्तू जिथे घडतात तिथे गोलाईसाठी कोणी वेगळे कष्ट घेत नाही. तिथे गोलाई फुकट मिळते.

या वस्तू लेथवर, म्हणजे लाकूड अक्षाभोवती फिरवून कातायच्या यंत्रावर घडतात, आणि लेथची सगळी किमया एका अदलाबदलीत आहे. बाकी सुतारकामात लाकूड स्थिर असते आणि हत्यार फिरते. इथे लाकूड फिरते आणि हत्यार स्थिर राहते. अक्षापासून दोन सेंटिमीटरवर पटाशीची धार धरली, तर त्यापलीकडचे जे काही असेल ते फिरत फिरत धारेवर येऊन आदळते आणि निघून जाते. एक फेरा पूर्ण झाला की त्या ठिकाणी दोन सेंटिमीटरच्या बाहेर काही उरूच शकत नाही. वर्तुळाची व्याख्या शाळेत शिकतो ती हीच : मध्यापासून सारख्या अंतरावरचे सगळे बिंदू. लेथ ती व्याख्या शब्दशः पाळतो.

मग हात थरथरला तर? माणसाचा हात कितीही स्थिर धरला तरी सेकंदाला 8 ते 12 वेळा सूक्ष्म कंप पावतो. तो थांबवता येत नाही. पण लेथवर मिनिटाला 2000 फेरे म्हणजे सेकंदाला 33. हाताची एक थरथर पूर्ण होईपर्यंत लाकडाचे तीन-चार फेरे होऊन गेलेले असतात. त्यामुळे थरथर लांबीच्या दिशेने उमटते : कुठे बारीक खड्डा, कुठे लाट. गोलाईला मात्र ती जवळजवळ शिवत नाही. नवशिक्याचा पहिला दांडा वेडावाकडा असतो, पण कुठूनही कापून पाहा, गोलच.

तेव्हा प्रश्न असा पडतो की गोलाई जर फुकट आहे, तर या कामात अवघड काय? याचे उत्तर शोधायला बायकोसाठी दागिन्यांचा स्टँड करायला घ्यावा. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पाडव्याची ओवाळणी, निमित्त कोणतेही चालेल. (नवऱ्यासाठीही करता येईल, पण घड्याळ, किल्ल्या आणि एक अंगठी यांना स्टँड कशाला? एक खुंटी पुरते.) लाटण्याला नुसते लोळायचे असते. स्टँडला उभे राहायचे असते, अंगावर सोने-मोती वागवायचे असतात आणि पावसाळे काढायचे असतात. लेथवरचे झाडून सगळे प्रकार त्याच्यात येतात : खाली रुंद बैठक, मध्ये उभा दांडा, त्याच्यावर झुमक्यांसाठी भोकांची पातळ चकती, बाजूला बांगड्यांचा आडवा दांडा. आपण बैठक 18 सेंटिमीटर व्यासाची, उंची 36 सेंटिमीटर आणि लाकूड सागवान धरू.

त्याआधी या यंत्राच्या वयाची थोडी ओळख. इजिप्तमध्ये तूना एल-गेबेल इथे पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याची कबर आहे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरची. तिच्या भिंतीवर कारागिरांची कामे कोरलेली आहेत आणि त्यांत लेथचे आजवर माहीत असलेले सर्वांत जुने चित्र आहे. एक माणूस दोरी मागेपुढे ओढतो आहे, दुसरा हत्यार धरून बसला आहे. दोरी ओढल्यावर लाकूड एकदा पुढे फिरते आणि मग उलटे. कापणे होते ते फक्त पुढच्या फेऱ्यात. उलट फेऱ्यात हत्यार केसभर मागे घ्यायचे. आपल्याकडच्या कातारींनी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिरांनी, दुसऱ्या माणसाचीही गरज ठेवली नाही. जमिनीवर बसायचे, एका हाताने कमान ओढायची, दुसऱ्या हाताने हत्यार धरायचे आणि त्याचे टोक पायाच्या बोटांनी सावरायचे. पाय मोकळा कशाला ठेवायचा, असा साधा हिशेब.

आणि हे फक्त लाकडापुरते नव्हते. कर्नाटकात हळेबीडला आणि बेलूरला बाराव्या शतकातली होयसळ देवळे पाहिली असतील तर आतले काळे चकचकीत खांब आठवतील. एकाखाली एक कडी, वाट्या, घंटा, इतक्या नेमक्या की हाताने घडवल्याचे खरे वाटत नाही. तो दगड मऊ शंखजिऱ्याचा, आणि अभ्यासकांच्या मते हे खांब फिरवून कातलेले आहेत. माणसापेक्षा उंच दगड गोल फिरवत ठेवायचा, ही कल्पनाच छाती दडपणारी आहे.

युरोपात पुढे राजेरजवाड्यांना या कामाचे वेड लागले. रशियाचा पीटर द ग्रेट स्वतः लेथवर लाकूड आणि हस्तिदंत कातत असे. त्यानंतर 1800च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्लीने स्क्रू कापण्याच्या लेथला जे अचूक रूप दिले त्यात हत्यार माणसाच्या हातातून सुटून लोखंडी पकडीत बसले. त्या पकडीतून कारखाने आले, आयटीआयमधला टर्नर आला, आपली सगळी यंत्रे आली. लाकूड कातणारा माणूस मात्र अजून हत्यार हातातच धरतो. लाकूड हे लोखंडासारखे सगळीकडून सारखे नसते, म्हणून.

इथून खरी मजा सुरू होते. लाकूड म्हणजे खराट्याच्या हिरांची घट्ट बांधलेली जुडी. उभ्या दांड्यात हे हीर अक्षाच्या दिशेने असतात. दांड्यावर फुगीर गोलवा किंवा खोबण काढताना नियम एकच : उंचावरून उताराकडे कापत यायचे. असे कापताना धारेखालच्या प्रत्येक तंतूला त्याच्या मागच्या तंतूंचा आधार असतो, तो स्वच्छ तुटतो. उलट दिशेने, खालून वर चढत गेलात, तर धार तंतूंच्या उघड्या टोकांत शिरते, त्यांना उचकटते आणि लाकडाची ढलपी निघण्याऐवजी चिरफळी निघते. हे कळलेला माणूस गोलव्याच्या माथ्यावर पटाशी ठेवतो, डावा उतार उतरतो, परत माथ्यावर येतो, उजवा उतार उतरतो. ढलप्यांच्या लांब रिबिनी हवेत उडत राहतात. बघणाऱ्याला वाटते, लोणी कापतो आहे.

बैठकीचे गणित वेगळे. ती फळीतून कापलेली चकती, म्हणजे तिच्यात तंतू आडवे झोपलेले. ती फिरते तेव्हा धारेसमोर आधी तंतूंची बाजू येते, मग त्यांची कापलेली टोके, मग पुन्हा बाजू, मग पुन्हा टोके. एका फेऱ्यात चार वेळा लाकडाचा स्वभाव बदलतो. मिनिटाला 800 फेऱ्यांवर हे बदल सेकंदाला पन्नासहून जास्त वेळा होतात. मुरलेल्या कारागिराला हे डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळते; धार बोथट झाली की आवाजाचा पोत बदलतो. बोथट धारेने उपटलेली टोके पॉलिश पेपरने कितीही घासली तरी खड्डे राहतातच, आणि पॉलिश चढवल्यावर ते जास्तच उठून दिसतात.

त्याच चकतीवर वेगाचीही गंमत आहे. 800 फेऱ्यांवर 18 सेंटिमीटरच्या बैठकीची कड ताशी 27 किलोमीटरच्या वेगाने धावते. मध्याकडे सरकत जावे तसा वेग कमी होतो आणि बरोबर मध्यबिंदूला तो शून्य असतो. एकाच चकतीवर, नऊ सेंटिमीटरच्या अंतरात, रस्त्यावरच्या स्कूटरचा वेगही आहे आणि पूर्ण स्तब्धताही. म्हणून मध्याशी येताना पटाशीची गतीही मंद करावी लागते. तिथे लाकूड धारेवर येतच नाही, नुसते रेटले जाते. घाई केली तर मध्ये एक छोटेसे टोक उरते किंवा उपटून खड्डा पडतो. मध्य ओलांडून पलीकडे गेलात तर आणखी पंचाईत, कारण तिकडचे लाकूड खालून वर येत असते आणि हत्यार उचलून फेकते.

हत्यार धरण्याची रीतही उलटी वाटेल अशी आहे. धार आधी टेकवायची नाही. आधी पटाशीचा दांडा लोखंडी टेकूवर ठेवायचा, मग धारेच्या मागचा तिरका उतार फिरत्या लाकडावर टेकवायचा. तो नुसता घासतो, कापत नाही. मग मूठ हळूहळू उचलायची, की धार स्वतःहून लाकडात उतरते आणि पहिली ढलपी निघते. मागच्या उताराचा आधार असेपर्यंत धार ठरलेल्या खोलीपेक्षा आत घुसू शकत नाही. तो आधार सुटला की फिरते लाकूड धारेला आत ओढून घेते, मोठा आवाज होतो आणि कामाचा तुकडा चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, सुटू शकतो. तोंडावर पूर्ण संरक्षक काच, नाकावर मास्क, हातमोजे नाहीत, लोंबते कपडे नाहीत. हातातली अंगठी आणि गळ्यातली चेन काढून ठेवायची. दागिन्यांचा स्टँड करणाऱ्याच्या अंगावर दागिना चालत नाही.

आता लाकडाकडे वळू. सागवानाच्या कापलेल्या टोकाकडे पाहिले की स्पष्ट कडी दिसतात. पावसाळ्यात झाड वाढते, कोरड्या दिवसांत थबकते, आणि ही खूण वर्षाला एक अशी उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या, म्हणजे आयआयटीएममधल्या संशोधकांनी केरळातल्या जुन्या सागवानांची कडी मोजून पाचशेहून अधिक वर्षांची नोंद उभी केली. ज्या वर्षी मॉन्सून रुसला त्या वर्षांची खूण अरुंद कड्यांत सापडते. लेथवर दांड्याला गोलवे आणि खोबणी देताना आपण याच थरांमधून आडवेतिडवे कापत जातो. त्यामुळे एकेका गोलव्यावर लंबगोल उमटतात, नकाशावरच्या डोंगराच्या समोच्च रेषांसारखे, आणि शेजारच्या खोबणीत तेच थर उलटे उघडतात. ती नक्षी कोणी काढत नाही. झाडात कधीकाळी साठलेले पावसाळे तिथे आपोआप बाहेर येतात.

आणि इथेच फुकटच्या गोलाईची किंमत वसूल व्हायला लागते. लेथने दिलेला गोल लाकूड राखत नाही.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले गेले तरी आकार बदलत नाही. ओलावा 28-30 टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतले पाणी सुटू लागते आणि लाकूड आटते. पण सगळ्या बाजूंनी सारखे नाही. ओले सागवान पूर्ण सुकले तर कड्यांच्या वळणाच्या दिशेने साधारण 5.8 टक्के आटते, गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने 2.5 टक्के, आणि तंतूंच्या लांबीत नगण्य. घरात ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास राहतो, म्हणजे यातले निम्म्याहून थोडे जास्त आटणे प्रत्यक्षात होते. ओल्या फळीतून 18 सेंटिमीटरची बैठक अगदी बिनचूक गोल कातली, तर काही महिन्यांनी ती तंतूंच्या दिशेने 180 मिलिमीटरच राहील आणि आडवी 174 च्या आसपास येईल. दुरून गोल, हातात घेतली की अंडाकृती.

सागवान त्यातल्या त्यात शहाणे लाकूड. त्याचे आटणे कमी. म्हणून तर जहाजांपासून वाड्यांपर्यंत त्याला मान मिळाला. बाकीची लाकडे याहून हट्टी. कातारींनी त्यावर काढलेला तोडगा सोपा आहे आणि त्याला फक्त सबुरी लागते : दोनदा कातायचे. पहिल्यांदा जाडजूड, सगळीकडून सेंटिमीटरभर जास्त ठेवून. मग महिनोन्‌महिने सावलीत, वाऱ्याला. त्या काळात लाकडाला काय वाकडेतिकडे व्हायचे ते होऊ द्यायचे. मग पुन्हा लेथवर चढवून खरा आकार द्यायचा. लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात असेल तर लाकूड उन्हाळ्यातच आणायला हवे.

सुकलेले लाकूडही गप्प बसत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, हवेची आर्द्रता 30 टक्क्यांवर असताना लाकडातला ओलावा 6 टक्क्यांकडे उतरतो. पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली की तो 16 टक्क्यांकडे चढतो. आपल्या बैठकीची रुंदी या दोन टोकांमध्ये तीन-साडेतीन मिलिमीटर बदलू शकते. पॉलिशमुळे हा बदल हळू होतो, थांबत नाही. दांड्याचे खालचे टोक बैठकीतल्या भोकात बसते ते बाकीपेक्षा जास्त सुकवून बसवायचे, म्हणजे पुढे हवेतला ओलावा पिऊन ते फुगते आणि घट्ट होते. इंग्लंडच्या चिल्टर्न टेकड्यांत विंडसर खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर होते; त्या खुर्च्यांचे सांधेही याच तत्त्वावर टिकतात.

एवढे करून स्टँड तयार झाला, टेबलावर ठेवला. आता तो पडेल का?

आपल्याला वाटते, दागिन्यांच्या वजनाने पडेल. हिशेब करून पाहा. या मापाचा सागवानी स्टँड साधारण 750 ग्रॅम भरतो. बैठकीची त्रिज्या 9 सेंटिमीटर. एका बाजूला 13 सेंटिमीटर लांब हात काढला आणि त्याच्या टोकाला दहा तोळ्यांचा, म्हणजे 117 ग्रॅमचा हार लटकवला. कलंडायचे तर बैठकीच्या कडेवरून. हार त्या कडेच्या फक्त 4 सेंटिमीटर बाहेर आहे, आणि स्टँडचे सगळे वजन कडेच्या 9 सेंटिमीटर आत. 117 गुणिले 4 विरुद्ध 750 गुणिले 9. स्टँड हलतही नाही. दहा तोळ्यांचा हार घरात असलाच तर तो अशा हुकावर कोणी टांगणार नाही, ही गोष्ट वेगळी.

पण सकाळी ऑफिसची घाई आहे, झुमक्यात चेन गुंतली आहे आणि बाईसाहेबांनी ती वरच्या हुकावरून आडवी ओढली. 36 सेंटिमीटर उंचीवर आडवा जोर किती पुरेल? 750 गुणिले 9 भागिले 36 : सुमारे 190 ग्रॅम. पावशेरापेक्षाही कमी. स्टँड वजनाने पडत नाही, ओढीने पडतो.

पहिला विचार येतो तो वजन वाढवण्याचा. बैठकीच्या पोटात 12 सेंटिमीटर व्यासाची, 5 मिलिमीटर जाडीची पोलादी चकती बसवली तर स्टँड बाराशे ग्रॅमच्या आसपास जातो आणि पाडायला तीनशे ग्रॅमचा जोर लागतो. चांगली सुधारणा. चकतीभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची मात्र विसरू नका. उन्हाळ्यात लाकूड आटले की पोलाद आटत नाही, आणि मग बैठक तडकते.

दुसरा विचार येतो तो खाली रबराचे पाय लावण्याचा, म्हणजे सरकणार नाही. इथे भौतिकशास्त्र आपली चांगलीच फिरकी घेते. ओढल्यावर वस्तू एक तर सरकते नाहीतर कलंडते. काय होणार हे वजनावर मुळीच अवलंबून नाही. बैठकीची त्रिज्या भागिले घर्षणाचा गुणक, एवढ्या उंचीच्या वर ओढले तर कलंडते, खाली ओढले तर सरकते. लाकडी टेबलावर साध्या लाकडी बैठकीसाठी गुणक 0.4 धरला तर ही सीमा साडेबावीस सेंटिमीटरवर येते. रबर लावून गुणक दुप्पट केला की सीमा निम्मी, सव्वाअकरा सेंटिमीटर! म्हणजे रबरी पाय लावून आपण स्टँडला जास्त कलंडता करून ठेवतो. खाली गुळगुळीत कापड लावले तर उलट होते : ओढले की स्टँड बिचारा सरकत येतो, पण पडत नाही.

या एका भागाकारातून सगळी रचना ठरते. जे गुंतते ते खाली आणि जे गुंतत नाही ते वर. बारीक चेनी, मंगळसूत्र, झुमके, वेल यांचे हुक आणि चकती 20 सेंटिमीटरच्या आसपास ठेवायची. वरचा माथा गोल, गुळगुळीत, बिनहुकाचा. त्याच्यावरून मोहनमाळ किंवा चपलाहार नुसता घालायचा, मग तो काढताना वर उचलला जातो, आडवा ओढला जात नाही. दुकानात मिळणारे बहुतेक स्टँड नेमके याच्या उलट असतात, शेंड्याला हुकांचा गुच्छ आणि खाली बशीएवढी बैठक. दिसायला झाडासारखे, वागायलाही वादळातल्या झाडासारखे.

बांगड्यांच्या आडव्या दांड्याला माप लागते, आणि ते कासाराकडे तयारच असते. बांगडीचे माप आतल्या व्यासाचे, इंचात आणि इंचाच्या सोळाव्या भागात. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, 57 मिलिमीटर. दोन-सहा म्हणजे 60 मिलिमीटर. दांडा 40 ते 45 मिलिमीटर जाडीचा ठेवला तर पाटल्या, तोडे, काचेचा चुडा सगळे सहज जाते आणि लोंबकळून एकमेकांवर आपटतही नाही. झुमक्यांच्या चकतीला भोके सारख्या अंतरावर पाडायची तर लेथच्या डोक्यातच सोय असते : अनेक लेथवर फेऱ्याचे 24 भाग पाडून प्रत्येक ठिकाणी तो अडकवता येतो. फिरण्यासाठी केलेले यंत्र तेव्हा मोजपट्टीचे काम करते. 16 सेंटिमीटरच्या चकतीच्या कडेला 24 भोके दोन सेंटिमीटरवर एक अशी येतात. बारा जोड्या. कमी पडल्या तर तो लाकडाचा दोष नाही.

राहता राहिले स्टँडच्या अंगावरचे तेज. इथे लेथ एक असे काम करतो जे ब्रशला कधीच जमणार नाही, आणि ते पाहायला सावंतवाडीला जायला हवे. तिथल्या चितार आळीत लाकडी फळे, खेळणी, करंडे, पाट यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कातलेली वस्तू फिरत असतानाच तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने लाकूड तापते, लाख 75-80 अंशांना वितळते आणि फिरत्या अंगावर पसरते. मग केवड्याचे सुकलेले पात दाबून धरले की ती सगळीकडे सारखी होते आणि आरशासारखी चकाकते. ब्रश नाही, भांडे नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. ज्या फिरण्याने आकार दिला त्याच फिरण्याने उष्णता दिली आणि त्याच फिरण्याने झिलई दिली. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच रीतीने होतात. तिथे लाकूड काळ्या कुड्याचे.

लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या केरिया लॅका नावाच्या इवल्याशा किड्याची. मादी स्वतःभोवती हे राळेचे कवच बनवत जाते. गंमत अशी की ही लाख स्टँडला लावायच्या आधीपासूनच दागिन्यांच्या पेटीत हजर असते. ठुशी आणि बोरमाळ यांचे मणी बहुधा भरीव सोन्याचे नसतात. सोन्याच्या पातळ कवचाच्या आत लाख भरलेली असते, म्हणून ते हलके असूनही दबत नाहीत. लाखेवरची ठुशी लाखेच्या स्टँडवर टांगली की एकाच किड्याची राळ आतही आणि बाहेरही. सोनाराने आणि चितारी कारागिराने एकमेकांना न विचारता एकच माल निवडला.

लाखेचा एकच शत्रू ड्रेसिंग टेबलावर असतो : स्पिरिट. अत्तर चालेल, पण अल्कोहोल असलेला परफ्यूम किंवा सॅनिटायझर सांडला तर लाख विरघळते आणि डाग पडतो. परफ्यूमच्या बाटल्यांशेजारीच स्टँड राहणार असेल तर लाखेऐवजी जवसाच्या तेलासारखे सुकणारे तेल द्या. ते हवेतला प्राणवायू घेऊन आठवड्याभराने किंवा जास्त दिवसांनी पक्के होते. तोवर काही टांगायचे नाही. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. पक्के होताना तेल तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात.

मोत्यांबद्दल एक विलक्षण गोष्ट. इंग्लंडमध्ये शिंपले जमवणाऱ्या लॉफ्टस बर्न याने 1899 मध्ये एक तक्रार नोंदवली. लाकडी कपाटांतल्या त्याच्या शिंपल्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड चढत होती आणि शिंपले झिजत होते. त्याला वाटले, जंतू. खरे कारण कपाट होते. ओकसारखी लाकडे ॲसिटिक आम्लाची सूक्ष्म वाफ सोडत राहतात, आणि शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळणारे. मोतीही त्याच पदार्थाचा. म्हणून नथ, चिंचपेटी, मोत्यांचे तन्मणी लाकडाच्या घट्ट बंद पेटीत वर्षानुवर्षे ठेवण्यापेक्षा उघड्या स्टँडवर सुखी असतात. हवा खेळती राहते आणि वाफ साठत नाही. चांदीचे दुखणे वेगळे. तिला गंधक काळवंडवते, आणि गंधक लोकरीत असतो, बऱ्याच रबरांतही. स्टँडच्या तळाला कापड लावायचे तर लोकरीचे फेल्ट टाळून सुती किंवा कृत्रिम घ्या. रबरी पायांच्या विरोधात हा दुसरा मुद्दा. सोन्याला यातल्या कशाचेच सोयरसुतक नाही.

पहिला स्टँड करणाऱ्याने सागवानाच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. त्यातल्या सिलिकाने धार लवकर मरते आणि शिकणाऱ्याचा अर्धा वेळ सहाणेवर जातो. शिवण घ्या, हलकी, कापायला मऊ, आटते कमी, आणि लाख तिच्यावर छान धरते. लेथ घरी नसेल तर गावातल्या लाटणी-पाळणे करणाऱ्या कारागिराकडे जा, मापे आणि हुकांची उंची कागदावर लिहून द्या आणि तो बैठक कातत असताना शेजारी उभे राहून पाहा. आणि भेट देण्याआधी बैठकीच्या तळाला लाकडाचे नाव, वर लाख आहे की तेल, आणि साल लिहून ठेवा. वीस वर्षांनी ज्याच्या हाती तो दुरुस्तीला जाईल त्याला वरून काय लावायचे ते कळायला दुसरा मार्ग नसतो.